पाण्याखालची खिडकी

भूमध्य समुद्राचा नकाशा समोर घ्या. इटलीचा बूट सिसिलीच्या चेंडूला ठोकर मारण्याच्या बेतात आहे, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. त्या चेंडूच्या खाली, आफ्रिकेच्या वाटेवर, टाकातून शाईचे शिंतोडे उडावेत तसे दोन-तीन ठिपके दिसतील. त्यांतला मोठा ठिपका माल्टा, त्याहून लहान तो गोझो, आणि दोहोंच्या मध्ये भिंग लावल्याशिवाय दिसायचा नाही तो कोमिनो. गोझोचे क्षेत्रफळ अवघे ६७ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईच्या सुमारे नवव्या हिश्शाएवढे. २०२१ च्या शिरगणतीत कोमिनोसकट तिथे साधारण ३९ हजार माणसे भरली. मुंबईच्या एखाद्या लोकल स्टेशनावर सकाळच्या वेळी याहून अधिक भरत असतील!

अशा या चिमुकल्या बेटावर आम्ही तिघे, म्हणजे मी, सौ. आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाची परीक्षा नुकतीच देऊन मोकळी झालेली आमची कन्या, मे महिन्याच्या अखेरीस जाऊन पोहोचलो. माझी धाकटी बहीण माल्टात परिचारिका आहे. "दादा, सुटीत या," असा तिचा तीन वर्षांचा धोशा होता. मराठी माणसाने माल्टाला जाणे हे काही अगदीच नवलाचे नव्हे. १८७८ साली इंग्रजांनी रशियाला धाक दाखवण्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे सात हजार फौज माल्टाला नेली होती, आणि तीत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. आमची पलटण तिघांचीच, पण सौ.नी बरोबर घेतलेला लाडू-चिवड्याचा दारूगोळा पाहता कोणालाही धाक बसला असता.

माल्टाच्या चिरकेव्वा धक्क्यावरून निघालेली फेरीबोट पंचवीस मिनिटांत गोझोच्या इम्जार बंदराला लागते. बंदरात निळ्या, पिवळ्या, तांबड्या रंगांनी नटलेल्या होड्या डोलत असतात, आणि प्रत्येकीच्या नाळेवर दोन्ही बाजूंना एकेक डोळा रंगवलेला असतो. समुद्रात होडीची वाट चुकू नये, अरिष्ट टळावे, म्हणून हे डोळे. आपण नव्या मोटारीला लिंबू-मिरची बांधतो, त्यातलाच प्रकार! माणूस कुठलाही असो, घर सोडताना त्याला थोडी भीती वाटते आणि तिच्यावर तो आपापल्या परीने काही उतारा शोधून ठेवतो.

बेटाचे गोझो हे नाव बाहेरच्यांसाठी. तिथले लोक त्याला 'आऊदेश' म्हणतात. मी मूळचा देशावरचा, सातारा जिल्ह्यातला. त्यामुळे त्या नावातला 'देश' तेवढा माझ्या कानांनी उचलला आणि मला उगाचच आपलेपणा वाटू लागला. भाषा हा माझा पोटापाण्याचा विषय असल्याने मी दुकानांच्या पाट्या, चर्चमधली पत्रके, जे हाती लागेल ते वाचत सुटलो. माल्टी भाषा अरबीच्या कुळातली. पण लिहिली जाते रोमन लिपीत, आणि इटालियनचा तिच्यावर मोठा पगडा. तिथे पुस्तकाला 'क्तीब' म्हणतात, जगाला 'दिन्या', मेलेल्याला 'मेय्येत', आणि सैतानाला चक्क 'शितान'. आपली किताब, दुनिया, मयत आणि सैतान ही चौकडी इथे इतक्या दूर भेटेल असे कधी वाटले नव्हते. अरबीतले हे शब्द फारसीच्या पालखीत बसून आपल्याकडे आले आणि इकडे जहाजात बसून गेले. दोन दिशांना दिलेल्या बहिणी परक्या गावी अवचित भेटाव्यात, तसे वाटले.

बेट लहान, पण त्याच्या आठवणी फार जुन्या. इथली जगन्तिया नावाची दगडी मंदिरे ख्रिस्तपूर्व ३६०० च्या सुमारास बांधायला घेतली, म्हणजे ती इजिप्तच्या पिरॅमिडांहूनही जुनी. होमरच्या काव्यातल्या कॅलिप्सोने ओडिसियसला सात वर्षे ज्या बेटावर अडकवून ठेवले ते हेच, असे इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. आणि १५५१ साली तुर्की आरमाराने स्वारी केली तेव्हा बेटावरची जवळजवळ सगळी माणसे, सुमारे पाच हजार, गुलाम म्हणून जहाजांत भरून नेली. गडावरच्या तटाशी उभे राहून खाली पाहिले की निळाशार समुद्र दिसतो, आणि एवढ्या सुंदर समुद्रातून एवढे वाईट कसे आले असेल, असा प्रश्न पडतो. तिथे एक म्हण आहे: समुद्राचे पोट मऊ असते, पण डोके कठीण. ज्यांनी ही म्हण केली त्यांना अनुभव होता.

पण आम्ही गेलो होतो ते त्या पोटात शिरायला.

पाण्यात बुडी मारण्याची ही टूम कन्येची. पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पाण्याखाली हिंडण्याची युक्ती झाक इव्ह कूस्तो आणि एमिल गान्याँ या दोघा फ्रेंचांनी १९४३ साली, ऐन महायुद्धात, सिद्ध केली. त्या आधी पाणबुड्या म्हणजे डोक्यावर पितळी घागर, पायांत शिशाचे जोडे आणि वरच्या होडीशी नळीने जखडलेला कैदी. या दोघांनी एक झडप बनवली. सभोवारच्या पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाची हवा ती माणसाला श्वासागणिक पुरवते. झाले! नाळ तुटली आणि माणूस माशासारखा मोकळा झाला. आज मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासही हा उद्योग जोरात चालतो. तिथेच आमच्या कन्येने पहिली बुडी मारली आणि घरी येऊन जाहीर केले की, आता रीतसर शिकायचे, आणि बाबांनी बरोबर यायचे.

या "बाबांनी" शब्दाशी मी अडखळलो. त्याचे कारण सांगायला हवे. माझ्या लहानपणी आमच्या मळ्यातल्या विहिरीत पोरे पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकत. मीही नवव्या वर्षी शिकू लागलो. त्याच उन्हाळ्यात माझा चुलतभाऊ त्या विहिरीत गेला. भर दुपारची वेळ होती, जवळपास कोणी नव्हते. आईने माझा डबा माळ्यावर टाकला आणि त्यानंतर मला कधी विहिरीच्या काठाशीही उभे राहू दिले नाही. पुढे पस्तिशी उलटल्यावर मुलीला शिकवायला म्हणून नगरपालिकेच्या तलावावर जाऊ लागलो आणि तिच्याबरोबर मीही शिकलो. पण तळ दिसणारे पाणी वेगळे आणि समुद्र वेगळा.

निघण्यापूर्वी मी आईला गावी फोन करून सगळे सांगितले. तिला आता ऐकू कमी येते, पण हे तिने पहिल्या खेपेलाच ऐकले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "सोबतीला कोण आहे?"

"आपली नात आहे," मी म्हणालो.

"तिचा हात सोडू नकोस," एवढे बोलून तिने फोन ठेवला. कोणी कोणाचा हात सोडायचा नाही, हे मात्र तिच्या बोलण्यातून नीटसे उलगडले नाही.

गोझोच्या उत्तरेला श्वेयनी नावाचे एक छोटे आखात आहे. तिथे किनाऱ्याच्या खडकात बुद्धिबळाच्या पटासारखी मिठागरे खोदलेली आहेत. भूमध्य समुद्राचे पाणी इतर महासागरांपेक्षा जरा जास्तच खारट. ऊन फार, पाऊस कमी, आणि बाहेरून पाणी यायला जिब्राल्टरची चिंचोळी फट तेवढी. आणि मीठ जास्त म्हणून माणूस अधिक तरंगतो, आणि तरंगतो म्हणून त्याला बुडवायला कमरेला शिसे जास्त बांधावे लागते. माझ्या कमरेला ते बांधले जात असताना मला आमच्या मळ्यातली विहीर आठवली. लहानपणी पाठीला डबा बांधला तो वर राहण्यासाठी. आता पाठीला डबा बांधला तो खाली जाण्यासाठी! त्या आधी तो पाच मिलिमीटर जाडीचा रबरी पोशाख अंगात चढवण्याचा सोहळा झाला. मी एका बाजूने आत शिरत होतो आणि माझे पोट दुसऱ्या बाजूने बाहेर येत होते. सौ. किनाऱ्यावर बसून हसत होत्या. पाणी अवघे एकोणीस अंशांचे असल्याने तो पोशाख टाळण्याची सोय नव्हती.

आमचे गुरुजी म्हणजे तिथलाच एक पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, मितभाषी गृहस्थ. त्यांनी पहिल्याच दिवशी तीन नियम सांगितले. पहिला, श्वास कधीही रोखायचा नाही. दर दहा मीटर खोलीला वातावरणाइतका एकेक दाब वाढत जातो. दहा मीटरवर छातीत भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत फुगून दुप्पट होते. ती कोंडून वर आलात तर फुप्फुस फाटेल. दुसरा, वर यायचे ते सावकाश, मिनिटाला नऊ मीटरपेक्षा अधिक नाही, आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबून. नाही तर रक्तात मुरलेला नत्रवायू सोड्याच्या बाटलीसारखा फसफसतो. आणि तिसरा, एकट्याने कधीही पाण्यात उतरायचे नाही. प्रत्येकाला एक जोडीदार. त्याच्या नळ्या, पट्टे, हवा आपण तपासायची, आपली त्याने. एकाची हवा संपली तर दुसऱ्याने आपल्याजवळची जादा नळी त्याच्या तोंडी द्यायची.

तिसरा नियम ऐकून मी कन्येकडे पाहिले. तीही माझ्याकडेच पाहत होती. म्हणजे आईने विचारला होता तो प्रश्न या शास्त्रातला मूळ प्रश्न होता तर!

पाण्याखालचे पहिले आश्चर्य म्हणजे आपला स्वतःचा श्वास. एरवी जन्मभर चालू असलेली ही क्रिया आपल्याला ऐकू येत नाही. इथे तिच्यावाचून दुसरे काहीच ऐकू येत नाही. दुसरे आश्चर्य मौनाचे. माझा धंदा बोलण्याचा. पाऊण तासाची तासिका न थांबता बोलणे ही माझी रोजची मजुरी. इथे पाऊण तास एक अक्षर नाही! जे काय सांगायचे ते हातांनी. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ "छान" नव्हे, "वर चला". आणि सारे ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून वर्तुळ करायचे. थेट आपली ज्ञानमुद्रा! समुद्राच्या तळाशी काळ्या रबरी पोशाखातली चार माणसे एकमेकांसमोर ज्ञानमुद्रा धरून बसली आहेत, हे दृश्य एखाद्या योगाश्रमात शोभले असते.

रंगांचीही तिथे गंमत होते. पाणी तांबडा रंग आधी पिऊन टाकते. कन्येचा लालभडक हातमोजा दहा मीटरवर गेल्यावर तपकिरी-राखाडी झाला. आणि गुरुजींनी विजेरीचा झोत एका काळवंडलेल्या कपारीत टाकताच तिथे शेंदरी-नारिंगी पोवळ्यांची रांगोळी झळकली. मात्र उष्ण समुद्रांतल्या प्रवाळांच्या बागा इथे शोधू नयेत. इथले खडक म्हणजे चुनखडीच्या पायऱ्या, कडे आणि कपारी. खडकाच्या सावलीत आपला गोब्रा जाड ओठ मिटून बसलेला असतो, बिळातून वाम डोके काढते, एखादा अष्टपाद डोळ्यांदेखत दगडाचा रंग घेऊन दगड होतो. पाणी इतके स्वच्छ की तीस मीटरवरचे दिसावे. याचे कारण ऐकून मात्र मी चकित झालो. हा समुद्र मूळचा गरीब. त्यात पोषक द्रव्ये थोडी, म्हणून तरंगणारे सूक्ष्म जीव थोडे, म्हणून पाणी नितळ. आपला कोकणचा समुद्र गढूळ दिसतो तो त्याच्या घरी धनधान्य भरलेले आहे म्हणून! तेव्हा मालवणच्या पाण्याला कोणी नावे ठेवली तर हे उत्तर त्याच्या तोंडावर फेकायला हरकत नाही.

खडकांमधल्या वाळूत गवताची कुरणे आहेत. हे शेवाळ नव्हे. याला मुळे असतात, फुले येतात, फळे धरतात. पोसिडोनिया असे त्याचे नाव, ग्रीकांच्या सागरदेवतेवरून ठेवलेले. माशांची पिले त्यात वाढतात, वाळू त्याच्या मुळांनी धरून ठेवली जाते. वाढ मात्र इतकी सावकाश की एका नांगराच्या फराट्याने उपटले गेलेले कुरण भरून यायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. हौशी नौकांचे नांगर आणि ही कुरणे यांचे भांडण भूमध्य समुद्रात सर्वत्र चालू आहे.

पाच दिवसांत आमचे शिक्षण पुरे झाले आणि अठरा मीटरपर्यंत जाण्याचा परवाना हाती आला. आता राहिले द्वेयरा. गोझोच्या पश्चिम टोकाचे हे ठिकाण पाहायला जगभरातून माणसे येत, ती एका खिडकीसाठी. समुद्रात उतरलेल्या कड्याला निसर्गाने अठ्ठावीस मीटर उंचीची एक प्रचंड कमान कोरली होती. तिला 'निळी खिडकी' म्हणत. कॅलेंडरांवर, टपालाच्या कार्डांवर, चित्रपटांत, जिकडेतिकडे तीच. ८ मार्च २०१७ रोजी सकाळी, वादळात, ती कोसळली. खांबासकट सारी कमान समुद्रात गेली. बेटावरचे लोक त्या दिवशी घरातले माणूस गेल्यासारखे किनाऱ्यावर येऊन उभे राहिले, असे आमच्या गुरुजींनी सांगितले. त्यांनी स्वतः लग्नानंतरचा पहिला फोटो तिथे काढला होता.

आमच्या मुक्कामाचे दोनच दिवस उरले होते, आणि वायव्येचा वारा सुटला. वायव्येचा वारा म्हणजे द्वेयरा बंद. शिवाय बुड्या मारल्यावर अठरा तास विमानात बसायचे नाही असा दंडक. म्हणजे उद्या सकाळी जमले तर जमले, नाही तर नाही. सौ.ना मनातून बरे वाटले असावे. पण पहाटे वारा पडला.

द्वेयराला खडकात एक निळी विहीर आहे. विहीरच म्हणायची, दहाएक मीटर रुंद, पंधराएक मीटर खोल, काठ खडकाचे. फरक इतकाच की हिच्या एका भिंतीला, पाण्याखाली आठ मीटरवर, कमान आहे आणि त्या कमानीतून थेट खुल्या समुद्रात जाता येते. पाठीवर नळकांडे आणि कमरेला शिसे घेऊन कात्रीसारख्या धारदार खडकांवरून तिथपर्यंत चालत जाणे, हेच मुळात एक तप आहे. काठाशी उभा राहिलो. गोल काठ, खाली गर्द निळे पाणी. चाळीस वर्षांत मी कुठल्याही विहिरीच्या काठाशी असा उभा राहिलो नव्हतो. कन्येने माझे पट्टे ओढून पाहिले, नळी तपासली, हवेचा काटा पाहिला, आणि म्हणाली, "बाबा, माझे तपासा." मी तपासले. एकदा झाल्यावर पुन्हा एकदा तपासले.

खाली उतरत गेलो. भिंती वर चढत गेल्या. कमान आली तेव्हा वर पाहिले, तर डोक्यावर आकाशाऐवजी खडक. आतापर्यंत वाटले तर सरळ वर जाता येत होते. आता वर जायची वाट पुढूनच होती. छाती धडधडू लागली, श्वास अपुरा पडू लागला. एकामागून एक बुडबुडे सुटू लागले आणि ते खडकाच्या छताला पाऱ्याच्या थेंबांसारखे चिकटून राहिले. तेवढ्यात माझ्या मनगटाला कोणीतरी धरले. कन्येचा हात होता तो. तिने दुसरा तळवा माझ्यासमोर आडवा धरला आणि सावकाश वर-खाली केला: हळू, श्वास हळू. लहानपणी तिला ताप चढला की मी तिच्या कपाळावर हात फिरवत असे, त्याच लयीत. मी तिच्या डोळ्यांकडे पाहत तिच्या बुडबुड्यांबरोबर श्वास घेऊ लागलो. चार श्वास, पाच, सहा. मग मी बोटांचे वर्तुळ करून दाखवले. तिने हात सोडला नाही. तसेच आम्ही कमानीतून बाहेर पडलो.

आणि समोर सारा भूमध्य समुद्र उघडला. खाली निळाई गडद होत गेलेली, वर सूर्याच्या सळया तिरप्या उतरलेल्या, आणि एका बाजूला घरांएवढाल्या शिळांची रास. हीच ती खिडकी. पडली तेव्हा तुटलेल्या कडा पांढऱ्याशुभ्र होत्या म्हणे. आता त्यांच्यावर शेवाळाची लव आली आहे. शिळांच्या फटींत नवी भुयारे, नवी दालने झाली आहेत, आणि त्यांत काळसर छोट्या माशांचे थवेच्या थवे आत-बाहेर करीत होते. त्यांची पिले विजेच्या ठिणगीसारखी निळी. गुरुजी एका शिळेपाशी थांबले आणि तिच्यावर त्यांनी क्षणभर तळहात टेकला. त्यांच्या तोंडात नळी होती, डोळ्यांवर काच होती, त्यामुळे चेहरा काही दिसला नाही.

वर आल्यावर त्यांनी बोटाने आसमंत दाखवला. तो वर्तुळाकार उपसागर, पलीकडचे ते डोंगराने वेढलेले तळे, हे सारेच म्हणे प्राचीन काळी जमिनीखालच्या पोकळ्यांची छते कोसळून झालेले आहे. म्हणजे लोक कौतुकाने पाहायला येतात त्यातले पुष्कळसे कधी ना कधी पडलेलेच! खिडकीसाठी हळहळायचे ते आपण, कारण आपण तिला उभी पाहिली. या बेटाच्या नैऋत्येला, श्लेंदी नावाच्या गावाजवळ, ११० मीटर खोलीवर एक फिनिशियन जहाज बुडालेले आहे. २००७ साली त्याचा शोध लागला. ते सुमारे २७०० वर्षांपूर्वीचे. त्यातल्या मालात मातीचे रांजण आहेत आणि धान्य भरडायचे दगड, आपल्या पाट्यासारखे. कोण्या घरची चूल त्या पाट्याची वाट पाहत बसली असेल! ते जहाज बुडाले हे दुःख खरे, आणि बुडाले म्हणून आज त्याची आठवण टिकली हेही खरे.

संध्याकाळी मी गावी फोन लावला. आईने पहिलाच प्रश्न विचारला, "पोरगी कुठे आहे?" मी फोन कन्येच्या हाती दिला. दोघी बराच वेळ बोलत होत्या. कन्या विहिरीसारखे पाणी, निळे मासे, कमान असे काहीबाही सांगत होती आणि मोठमोठ्याने हसत होती. शेवटी ती म्हणाली, "नाही आजी, मी धरला होता त्यांचा हात." मग पलीकडून काय बोलणे झाले ते मला कळले नाही. सौ.नी चिवड्याचा डबा उघडला. मिठाच्या पाण्यात दिवस काढल्यावर त्या चिवड्याची चव काय लागली, ते दिवाळीत फराळाला बसलेल्या वाचकांना मी निराळे सांगायला नको.